मथळा कोणासाठी?



इतिहास सांगणे हा विद्वानांचा अधिकार. मी शाळा अर्ध्यावर सोडून कारखान्यात शिरलेला आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात मुरलेला मनुष्य. परंतु एका वस्तूशी माझा तीस वर्षे नित्य संबंध आला आहे. ती वस्तू म्हणजे मथळा. तिच्याविषयी चार शब्द बोलण्यास आपली हरकत नसावी.

चितेगावात पैठण रस्त्याला एका कारखान्याच्या फाटकाशी आमच्या संघटनेचा काळा फळा असे. त्यावर खडूने 'सूचना' एवढेच लिहिले, तरी पाळी सुटताच माणसे जमत. 'सूचना' हा काही मोठा अर्थपूर्ण मथळा नव्हे. पण सूचना कोणाची, कोणासाठी आणि कोठली, हे सारे फाटकच सांगत होते. मथळ्याचे निम्मे काम जागा करीत होती.

मराठी वृत्तपत्रांतही हेच दिसते. १८९७ साली पुण्यातील प्लेगच्या कहरानंतर 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'तील अग्रलेखाचा मथळा गाजला. त्यात प्लेगचे नाव नाही, पुण्याचे नाव नाही, सालही नाही. त्याची गरजच नव्हती. वाचकाच्या हातात 'केसरी'चा अंक होता, अंकावर तारीख होती, आणि कोणते सरकार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. अंकाच्या बळावर मथळा उभा होता.

नियतकालिकांच्या नावांचा धडा निराळा आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले. हे नाव पत्राचे काम सांगते. १८७७ साली कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' सुरू केले आणि पुढे गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते चालविले. हे नाव पत्र कोणाचे आहे ते सांगते. बाबासाहेब आंबेडकरांचे १९२० चे 'मूकनायक' आणि १९२७ चे 'बहिष्कृत भारत' ही नावे ऐकताच ज्याच्यासाठी पत्र होते, तो मनुष्य मान वर करून पाही. आपल्याला कोणी हाक मारली, हे त्याला उमगे.

मात्र मथळा आपल्या कागदापासून सुटला, की त्याची खरी परीक्षा होते. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची 'ग्रंथसूची' सिद्ध केली. अशा सूचीत हजारो नावे एकाखाली एक उभी असतात. तेथे पुस्तक उघडून दाखविता येत नाही. जोतीराव फुल्यांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड' अशा गर्दीतही विषय बोलून दाखवितो. नुसते 'विचार' किंवा 'निबंध' असे नाव तेथे मुके होते.

आज आपल्या खिशातील फोनवर हीच सूची उघडते. टिम बर्नर्स-ली यांनी जागतिक जाळ्यासाठी पानाची जी मांडणी ठरविली, तीत प्रत्येक पानाला स्वतंत्र शीर्षक देण्याची सोय आरंभापासूनच होती. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या 'एचटीएमएल २.०' या नियमपत्रात शीर्षक शक्यतो ६४ अक्षरचिन्हांच्या आत ठेवावे, नाहीतर ते मध्येच तुटण्याचा संभव आहे, असे सांगितले आहे. नुसते 'प्रस्तावना' असे शीर्षक पानाबाहेर निरर्थक ठरते, कशाची प्रस्तावना तेही लिहावे, असा दाखलाही तेथे आहे. १९९८ साली गूगल कंपनी स्थापन झाली, आणि पुढे अशा शोधयंत्रांच्या यादीत शीर्षक हीच पानाची पाटी झाली. शोधयंत्र पानातला मजकूर आणि इतर पानांनी दिलेले दुवेही पाहते. शीर्षक मोघम असले तर ते स्वतःच दुसरे बनवूनही दाखविते. पण यादीतून निवड करणारा मनुष्य पाटीच वाचतो.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही, चुकून शिकलो. कारखाना बंद पडला, फाटक मिटले, फळाही गेला. कामगार पांगले, कोणी बीडकडे, कोणी जालन्याकडे गेला. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेप्रमाणे वृत्तपत्रात जाहीर निवेदन आले. त्याचा ठराविक मथळा धनकोंचे लक्ष वेधतो. पगार थकलेला कामगार हाही कायद्याने धनकोच. पण आमच्या फिटरला आपण कोणाचे धनको आहोत हे स्वप्नातही ठाऊक नव्हते! ज्याच्या घरात किराण्याची उधारी थकलेली, तो स्वतःला धनको कसा म्हणेल?

आम्ही तरी काय शहाणे! संघटनेचे पान तयार केले, दावा भरण्याची सारी रीत लिहिली आणि वर जुन्या सवयीने शीर्षक दिले, 'सूचना'. मुदत उलटल्यावर एक जुना सभासद आला. मुलाच्या फोनवर त्याने 'कंपनी बंद पगार कसा मिळेल' असे शोधले होते. आमचे पान त्याला दिसलेच नाही. तो रागावला नाही. "साहेब, मला ठाऊक असते तर आलो असतो," एवढेच म्हणाला. ते वाक्य आजही टोचते.

मग आम्ही शीर्षक बदलले : 'कारखाना बंद, पगार थकला : दावा कसा भरावा? चितेगाव, पैठण'. अगोदर त्याच्या तोंडचे शब्द, मग काम, शेवटी ठिकाण. 'पैठण' लिहिणे आवश्यक, कारण नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यातही एक चितेगाव आहे. शहराचे औरंगाबाद हे नाव २०२३ साली बदलून छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या कागदांत जुने नाव आहे आणि माणसे दोन्ही नावांनी शोधतात, म्हणून पानाच्या मजकुरात दोन्ही ठेवली. दर पानाला निराळे शीर्षक दिले. 'पगार, थकीत पगार, पगार मिळवा' अशी एकाच शब्दाची माळ मात्र ओवली नाही. तसे करणारा दुकानदार ओरडून गिऱ्हाईक पळवितो. आणि शीर्षकात जे कबूल केले, ते पानात पहिल्या चार ओळींतच दिले.

मंडळी, लिहिणाऱ्याला आपले म्हणणे ठाऊक असते, म्हणून त्याला 'सूचना' पुरते. शोधणाऱ्याला फक्त आपली अडचण ठाऊक असते. आपल्यापैकी कोणी पतपेढीचे, कोणी वाचनालयाचे, कोणी शाळेचे पान चालवीत असेल. शीर्षक लिहिण्यापूर्वी एकदा फाटकाबाहेर जाऊन उभे राहा आणि तेथला मनुष्य कोणत्या शब्दांत विचारतो ते ऐका. मथळा त्याच्याच शब्दांत लिहा.