मोटार विमासंघाची पाच वर्षे : सामाईक जोखमीचा धनी कोण?

सामान्य विमा-व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अमलात आले. त्या वेळी १०७ विमासंस्थांचे नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चार कंपन्यांत एकत्रीकरण करण्यात आले व त्यांच्या शिरोभागी भारतीय सामान्य विमा निगमाची स्थापना झाली. या व्यवस्थेत मोटारविम्यातील तोटा वेगळा मोजण्याची फारशी निकड भासत नसे. आग-विम्याचे दर नियत होते. त्यांतून उरणाऱ्या नफ्यात मोटारविम्याचा तोटा मुरून जाई. राष्ट्रीयीकृत व्यवसाय हा एका अर्थी स्वतःच एक विस्तीर्ण सामाईक निधी होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९९९ च्या कायद्याने विमा-नियामक प्राधिकरणाला वैधानिक अधिष्ठान दिले आणि खाजगी कंपन्यांना क्षेत्र मोकळे केले. पुढे १ जानेवारी २००७ रोजी आग-विम्यासह बहुतेक विम्यांचे दर मुक्त झाले आणि स्पर्धेमुळे ते झपाट्याने उतरले. मोटारीच्या त्रयस्थपक्ष-विम्याचा दर मात्र प्राधिकरणाच्याच हाती राहिला. तोटा भरून काढणारा झरा असा आटला. तोटा मात्र तसाच उरला. मालमोटारींचा विमा उतरविण्यास कंपन्या नाखूश होत्या. उलटपक्षी, विम्यावाचून वाहन रस्त्यावर आणणे कायद्याने निषिद्ध होते. ही कोंडी फोडण्यासाठी १ एप्रिल २००७ पासून व्यापारी वाहनांच्या त्रयस्थपक्ष-जोखमीचा सामाईक विमासंघ अस्तित्वात आला. व्यवसायात त्यास ‘पूल’ म्हणतात. मराठीत तो शब्द नदीवरच्या बांधकामाशी निगडित असल्याने येथे ‘विमासंघ’ हाच शब्द योजिला आहे.

संघाची रचना दिसावयास न्याय्य होती. कोणत्याही कंपनीने असा विमा उतरविला की त्याची जोखीम संघाकडे जाई, आणि संघाचा एकूण तोटा सर्व कंपन्यांत वाटला जाई. ही वाटणी कंपनीने किती मालमोटारींचा विमा उतरविला यावर ठरत नसे. सर्व प्रकारच्या विम्यांतील तिच्या एकूण हप्त्यांच्या प्रमाणात ती होई. संघाचा कारभार सामान्य विमा निगमाकडे सोपविण्यात आला. या वाटणीसूत्राचा परिणाम दुहेरी झाला. जी कंपनी वाहनांची नीट पारख करून विमा उतरवी किंवा न्यायाधिकरणापुढे दाव्यांचा दक्षतेने पाठपुरावा करी, तिच्या पदरी त्या दक्षतेचे फळ अल्पांशानेच पडे. आणि जी कंपनी हयगय करी, तिच्या हयगयीचा भार बहुतांशी इतरांच्या शिरावर जाई. बाजारपेठेचा निम्म्याहून अधिक भाग या काळात सार्वजनिक क्षेत्रातील चार कंपन्यांकडे होता. साहजिकच तोट्याचा मोठा वाटाही त्यांच्याच, म्हणजे पर्यायाने सरकारी भांडवलाच्या, माथी आला.

जोखमीचे स्वरूपही येथे ध्यानात घेणे अवश्य आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये मृत्यू वा शारीरिक इजा यांबाबतच्या त्रयस्थपक्ष-दायित्वास कमाल मर्यादा नव्हती. दावा दाखल करण्याची मुदत १९९४ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली होती (ती पुन्हा लागू होण्यास २०२२ साल उजाडले). त्यामुळे एखाद्या वर्षाच्या हप्त्यांवर पुढील कित्येक वर्षे दावे येत राहत. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा प्रकरणात भरपाईच्या गणनेचे सूत्र निश्चित केले व मृताच्या भावी उत्पन्नवाढीचाही हिशेब त्यात धरला. अपघातग्रस्तांच्या दृष्टीने ते न्याय्यच होते. विम्याचे दर मात्र २००७ नंतर थेट एप्रिल २०११ पर्यंत स्थिर राहिले.

याच निगमाच्या कारभाराखाली दहशतवाद-विम्याचा संघ एप्रिल २००२ पासून चालू होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर परदेशी पुनर्विमाकारांनी ही जोखीम नाकारल्यामुळे त्याचा जन्म झाला. नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर या संघाने भरपाई दिली आणि तो टिकून राहिला. कारभारी एकच असता एक संघ तरला व दुसरा बुडाला, याचे कारण कारभाऱ्यांच्या कुवतीत शोधणे अनुचित ठरेल. दहशतवाद-संघाने प्रत्येक स्थळापुरती दायित्वाची मर्यादा घातली होती, आरंभी ती २०० कोटी रुपयांची होती, आणि घटना न घडलेल्या वर्षांचे हप्ते निधीत साचत गेले. मोटारसंघाच्या दायित्वास मर्यादा नव्हती आणि दरही त्याच्या हाती नव्हता.

सर्वंकष जोखीम-व्यवस्थापनाचा, म्हणजे संस्थेच्या सर्व जोखमींचा एकत्र विचार संचालक मंडळाच्या पातळीवर करण्याच्या पद्धतीचा, अधिकृत स्वीकार या क्षेत्रात नेमका याच काळात झाला. ऑगस्ट २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्येक विमाकंपनीस संचालक मंडळाची जोखीम-व्यवस्थापन समिती नेमणे बंधनकारक केले. तथापि हे बंधन कंपन्यांवर होते. मोटारसंघ हा कंपनी नव्हता. तो कंपन्यांमधील एक पुनर्विमा-करार होता. त्यास स्वतःचे भांडवल नव्हते, आणि तोटा झाल्यास ज्याला जाब द्यावा लागेल असे संचालक मंडळही नव्हते. प्रत्येक कंपनीची समिती आपल्या ताळेबंदातील वाट्यापुरता विचार करी, आणि तो वाटा इतरांनी उतरविलेल्या विम्यांवर अवलंबून असल्याने त्यावर तिचा ताबा नसे. निगमाकडे हिशेब होता, पण दर ठरविण्याचा अधिकार प्राधिकरणाचा होता. कंपन्यांनी नवी पद्धती अर्धवट स्वीकारली असा आक्षेप येथे पुरेसा नाही. सर्वांत मोठी जोखीम त्या पद्धतीच्या कक्षेबाहेर, दोन संस्थांच्या मधल्या जागेत, वाढत होती.

मार्च २०११ मध्ये प्राधिकरणाने आतापर्यंतच्या सर्व वर्षांसाठी दाव्यांची तरतूद हप्त्यांच्या १५३ टक्के दराने करण्याचा आदेश दिला. म्हणजे १०० रुपये हप्त्यामागे १५३ रुपयांचे दावे गृहीत धरावयाचे. कंपन्यांनी धरलेले प्रमाण याहून कमी होते. हा भार एकदम पेलवणार नाही हे ओळखून शोधनक्षमतेची अट १५० वरून १३० टक्क्यांपर्यंत तात्पुरती शिथिल करण्यात आली. पुढील विमागणिती तपासणीत १५३ चा आकडाही अपुरा ठरला.

मोटारसंघ ३१ मार्च २०१२ रोजी विसर्जित झाला. त्याच्या जागी आलेल्या ‘नाकारलेल्या जोखमींच्या’ संघात प्रत्येक कंपनीस किमान व्यवसायाचा कोटा नेमून देण्यात आला, संघाकडे दिलेल्या विम्याचा काही अंश स्वतःकडे ठेवणे तिला भाग पडले, आणि तोट्याचा भार कोटा न पुरविणाऱ्यांवर टाकण्यात आला. २०१६ च्या एप्रिलपासून हाही संघ उरला नाही. कोट्याचे बंधन तेवढे २०१५ च्या विनियमांद्वारे प्रत्येक कंपनीवर थेट कायम राहिले.