कातालान विशेषणांचे अंत्यरूप व प्रमाणलेखनाचा प्रश्न

कातालान व्याकरणाच्या अभ्यासकास विशेषणांची चार रूपे प्रारंभीच घोटावी लागतात. 'चांगला' या अर्थी बो, बोना, बोन्स, बोनेस. 'पांढरा' या अर्थी ब्लांक, ब्लांका, ब्लांक्स, ब्लांकेस. ही रूपावली सोपी दिसते. परंतु तिच्या अंत्य स्वरामागे एक दीर्घ वाद दडलेला आहे.

बार्सिलोनाच्या उच्चारात आघातहीन 'आ' व 'ए' यांचा भेद लोपला असून दोन्ही अस्फुट 'अ'काराप्रमाणेच ऐकू येतात. तेव्हा स्त्रीलिंगी अनेकवचन 'आस' असे लिहावे की 'एस' असे, याचा निर्णय तेथील माणसाला केवळ कानावरून करता येत नाही. एकोणिसाव्या शतकात या बाबतीत लेखकांचे दोन पक्ष होते. 1907 साली स्थापन झालेल्या कातालान अध्ययन संस्थेने 1913 मध्ये लेखननियम प्रसिद्ध करून 'एस' हे रूप मान्य केले. या कार्याचे सूत्रधार पोंपेउ फाब्रा (1868–1948) हे शिक्षणाने अभियंते होते. त्यांचे व्याकरण 1918 मध्ये निघाले. मध्ययुगीन ग्रंथांत 'एस' हेच रूप आढळते, आणि वालेन्सिया व येय्दा या पश्चिमेकडील प्रदेशांत ते आजही स्पष्ट उच्चारले जाते. राजधानीच्या उच्चाराला प्रमाण मानले असते, तर पश्चिमेकडील भाषक दुरावले असते. 1932 मध्ये वालेन्सियातील विद्वानांनी कास्तेयो येथे हेच नियम अल्प फेरफारांसह स्वीकारले, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

1939 नंतर फ्रँकोच्या राजवटीत ही भाषा शाळांतून हद्दपार झाली. फाब्रा फ्रान्समध्ये निर्वासित असतानाच निवर्तले. 1983 च्या कायद्याने कातालोनियातील शाळांत तिचे अध्यापन पुन्हा दृढ झाले, तेव्हा शिक्षकांच्या हाती एक सर्वमान्य रूपावली तयार होती.

मराठीतही विशेषणाच्या अंत्यरूपाबाबत असा प्रश्न उपस्थित झाला होता. पूर्वी 'चांगलें' असे सानुस्वार लिहिले जाई. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी हा अनुच्चारित अनुस्वार वगळला. कोकणातील बोलींत मात्र तो अनुनासिक उच्चार ऐकू येतो. कातालानमध्ये मध्यवर्ती नगरीच्या कानाला न जाणवणारा भेद लेखनात राखला गेला. मराठीत तो सोडून दिला गेला. लेखन सुलभ झाले हा मराठीचा लाभ खरा. पण कोणाच्या उच्चाराला 'अनुच्चारित' म्हणावयाचे, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. विशेषणांची रूपे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याने तो दृष्टीआड करू नये.