अजब बंगल्यात मुलांना काय विचारायचं?

नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाला आपल्या विदर्भात त्या नावानं फारसं कुणी ओळखत नाही. अजब बंगला म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. सर रिचर्ड टेंपल मध्यप्रांताचे चीफ कमिशनर असताना, १८६३ साली तो सुरू झाला. उभारणाऱ्यांना लोकांना ज्ञान द्यायचं होतं, आणि बघायला येणाऱ्यांनी नाव ठेवलं अजब!

१९३६ साली मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज यांनी हिंदुस्थानातल्या संग्रहालयांची पाहणी पुस्तकरूपात छापली. शंभरावर संग्रहालयं होती, गर्दीही होती, पण आलेल्या माणसाला काही शिकवण्याची सोय फारच थोडी. प्रेक्षक अडाणी, त्यांना काय कळणार, असा त्या काळच्या साहेबलोकांचा सूर असायचा. मला तो पटत नाही. तिथं येणाऱ्या बाईला अक्षर येत नसेल, पण धान्याची पारख होती, पितळ कुठलं आणि कासं कुठलं हे भांडं वाजवून कळत होतं. तिला कुणी विचारलंच नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांकडे हे वेगळं दिसतं. 'अज्ञातवासी' नावानं कविता करणाऱ्या या गृहस्थांनी १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली, पत्नी कमलाबाईंची साथ होती, आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं संग्रहालय उभं राहिलं. तिथं अडकित्ते आहेत, दिवे आहेत, वज्री आहेत, स्वयंपाकघरातली भांडी आहेत. अशा दालनात पाटी वाचायच्या आधीच आजी नातवाला सांगते, "अरे, यानं टाच घासायची." आजीच गाईड होते, आणि पगारही मागत नाही.

मुलांसाठी कार्यक्रम आखायचा तर इथूनच सुरुवात करावी. पाटी झाकून ठेवायची आणि विचारायचं, ही वस्तू कुठं झिजली आहे? हात कुठं धरत असतील? मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ साली संग्रहालयाची बसच सुरू केली. ती शाळांच्या दारात जाते, मुलांना प्रतिकृती हातात घेता येतात. नाहीतर आमच्या ऊर्जानगरासारख्या ठिकाणाहून सहल दीडशे किलोमीटर जाणार, 'हात लावू नका' ऐकत ओळीनं फिरणार आणि तासाभरात डबा खायला बाहेर येणार.

अजब बंगल्याच्या संग्रहात अकोला जिल्ह्यातल्या राजनापूर खिनखिनी इथं सापडलेल्या जैन धातुमूर्ती आहेत. पाठशाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना लांछनं पाठ असतात. बैल म्हणजे आदिनाथ, सिंह म्हणजे महावीर. पण जुन्या मूर्तींवर पुष्कळदा लांछन नसतंच, मग काय कराल? डोक्यावर सर्पफणा दिसली तर बहुधा पार्श्वनाथ, खांद्यावर केसांच्या बटा रुळत असतील तर आदिनाथ. हे कोडं वर्गातल्या इतर मुलांना घालायला आपल्याच मुलांना पुढे करावं. मोठ्यांचीही तिथं फजिती होते.

मला सर्वांत आवडेल तो कार्यक्रम मात्र आपल्याच जिल्ह्यातल्या दगडांचा. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या काळातल्या शेणाचे दगड सापडतात. हो, शेणाचेच. काही न सांगता एक मुलांच्या हातात द्यावा आणि ओळखा म्हणावं. उत्तर कळल्यावर वर्ग हसून लोळेल, तेवढ्यात पुढचा प्रश्न टाकायचा: या जनावरानं खाल्लं काय होतं? डायनासोर होते तेव्हा गवत जवळजवळ नव्हतंच, असं पूर्वी मानत. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या शेणात गवताचे सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवले. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे! पुढच्या अभ्यासात भाताच्या कुळातल्या गवतांचाही माग लागला.

आता मूल किंवा सिंदेवाहीकडचं, घरी धान पिकवणारं पोर त्या वर्गात असेल, तर त्याच्या हातात धानाचं एक पान द्यायचं आणि कडेवरून बोट हलकेच उलटं फिरवायला सांगायचं. खरखर लागते, जोर दिला तर कापतंही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ती खरखर बरीचशी सिलिकाची. बाकी पान कुजून जातं, ते कण उरतात, आणि पिसदुऱ्याच्या दगडात उरले ते याच जातीचे.