अंगणात आलेली शाळा

‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी वाटतो. पण तो घडला ताराबाई मोडक यांच्या कामातून.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. राजकोटच्या बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. ते मानाचे पद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाच्या कामात उतरल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. शिशुविहारात बालशाळेबरोबरच शिक्षिका घडवणारे अध्यापन मंदिरही चाले.

पण मॉन्टेसरीची साधने महाग होती आणि ती वापरणारी मुले शहरातली. खेड्यातल्या मुलांचे काय, हा प्रश्न घेऊन १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या त्या कायमच्याच.

तिथे बालवाडी निघाली, पण वस्तीतली मुले येईनात. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली. साधने म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने आली. धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, ती विकासवाडी. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा भरली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये हे काम वाढले. मूल शाळेत येत नसेल, तर दोष मुलात न शोधता शाळा बदलायची, हे या साऱ्यामागचे सूत्र.

१९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. दोनच वर्षांनी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर पोहोचले.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. वापरणाऱ्याला न जमणारी प्रणाली आम्ही सदोष मानतो. ताराबाईंनी हाच निकष शाळेला लावला होता, आणि नवी शाळा चालवायला शिक्षकही नव्याने घडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

या मेळाव्यानिमित्त आपण शाळेला संगणक देण्याचे बोलत आहोत. जरूर देऊ. पण निधीतला काही वाटा शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी ठेवू या. आणि पटावर नाव असूनही वर्गात न दिसणारी मुले कोणती, हे आधी विचारू या. त्यांच्या घरापर्यंत कुणीतरी जायला हवे.