पूर्वपक्ष मांडणारी माणसं

आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. व्हिडिओ गेमवर आम्ही काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या वादपरंपरेत पूर्वपक्षाचं जे काम, तेच गेम तयार करताना टेस्टरचं. सिद्धान्त टिकतो का, हे पूर्वपक्ष पाहतो. खेळ टिकतो का, हे टेस्टर पाहतो.

लोक म्हणतात, खेळायचे पैसे मिळतात, मजा आहे! प्रत्यक्षात काय, तर तोच दरवाजा शंभरदा उघडायचा, त्याच भिंतीवर प्रत्येक बाजूने आदळायचं आणि खेळ बंद पडला तर नेमकं काय केल्यावर पडला, ते पायरीपायरीने लिहायचं. चूक पुन्हा घडवून पाहता आली, तर ती दुरुस्त करणं सोपं जातं.

१९८२ साली नाताळ गाठायचा म्हणून अटारीचा 'ई. टी.' हा गेम हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांनी सुमारे ५ आठवड्यांत तयार केला. खेळणारा सारखा खड्ड्यात पडायचा. तेव्हा गेम कार्ट्रिजच्या चिपमध्ये पक्का बसवलेला असे. एकदा विकला की दुरुस्ती नाही. पुढच्या वर्षी अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला पुरला. २०१४ मध्ये तो उकरला, तेव्हा त्यात 'ई. टी.'ही निघाला.

आता दुरुस्ती इंटरनेटवरून घरपोच येते. मग टेस्टरचं काम कमी झालं का? नाही, ते संपेनासं झालं. 'कॉल ऑफ ड्यूटी: वॉरझोन'मध्ये सतत नवं काही येत राहतं, आणि ते प्रत्येक वेळी तपासावं लागतं. काम कायमचं, माणसं मात्र कंत्राटी! डिसेंबर २०२१ मध्ये या गेमवर काम करणाऱ्या विस्कॉन्सिनच्या रेव्हन सॉफ्टवेअरमधल्या १२ कंत्राटी टेस्टरना काढण्याचं ठरलं, तेव्हा त्यांच्या सहकाऱ्यांनी काम थांबवलं. मे २०२२ मध्ये टेस्टरनी १९ विरुद्ध ३ मतांनी संघटनेच्या बाजूने कौल दिला.

हे इतकं लांबलं कशामुळे? आम्हाला वाटतं, या कामाच्या स्वभावामुळे. चूक आहे, हे दाखवता येतं. एकही चूक उरली नाही, हे सिद्ध करता येत नाही. सापडून दुरुस्त झालेली चूक खेळणाऱ्याला कधी दिसत नाही, राहिलेली तेवढी दिसते. म्हणजे यश अदृश्य आणि अपयश जगजाहीर. अशा कामाची किंमत आपोआप कुणी करत नाही, ती मागावी लागते.

पूर्वपक्षाला तोंड दिल्याशिवाय सिद्धान्ताला मान नाही, असं आम्ही वर्गात शिकवत आलो. मग तो मांडणाऱ्याला मान का नसावा?