वाफेचा काळा लेप

मौद्याच्या औष्णिक वीजकेंद्रातल्या बॉयलरच्या नळ्या आतून काळ्या असतात. तो मळ नव्हे. तापलेले लोखंड पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेते, हायड्रोजन सुटतो आणि पोलादावर मॅग्नेटाइट या काळ्या लोह-ऑक्साइडचा घट्ट थर धरतो. नळी टिकते ती त्याच्याच जिवावर.

ही रासायनिक क्रिया लाव्हाझिएने १७८० च्या दशकातच दाखवली होती, लालबुंद बंदुकीच्या नळीतून पाणी सोडून. त्याला रस होता तो हायड्रोजनमध्ये. नळीवर धरलेल्या काळ्या थराचे मोल ओळखले ते फ्रेडरिक बार्फ या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर वाफ सोडण्याचे पेटंट त्याने १८७६ साली घेतले.

या युक्तीचे खरे चीज मात्र विसाव्या शतकात, भुकटीच्या सुट्या भागांनी केले. लोखंडाची भुकटी साच्यात दाबायची आणि न वितळवता भट्टीत भाजायची. आकार नेमका येतो, पण अंगभर छिद्रे राहतात. सच्छिद्र लोखंडाची ही अडचण विदर्भाला जुनीच. मौद्याजवळून वाहणाऱ्या कन्हानला वरच्या अंगाला पेंच मिळते. त्या पेंचेकाठी नायकुंडला १९७८-८० च्या उत्खननात शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांना महापाषाणयुगातली लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. अशा भट्टीतून निघे तो स्पंजासारखा गोळा, आणि लोहार तो घणाने ठोकून घट्ट करी. साच्यातून तयार निघालेल्या भागावर घण कसा घालणार?

मुलामा द्यायचा, तर त्याचे द्रावण छिद्रांत शिरून बसते. भाग धुऊन-पुसून खोक्यात भरावा, तर काही दिवसांनी अंगावर पांढरे डाग. वाफ मात्र छिद्रांतही शिरते, आणि मॅग्नेटाइट खर्ची पडलेल्या लोखंडाच्या दुपटीहून थोडी जास्तच जागा व्यापत असल्याने ती बुजवते. शॉकअॅब्सॉर्बरच्या पिस्टनला हेच हवे असते: तेल झिरपत नाही, पृष्ठभाग कठीण होतो. बदल्यात भाग थोडा ठिसूळ होतो, हे जाहिरातीत सहसा नसते.

पथ्येही कडक. माल शंभर अंशांच्या बराच वर तापल्याशिवाय वाफ सोडायची नाही, नाहीतर तिचे पाणी होऊन तांबडा गंज धरतो. आणि पारा ५७० अंशांपलीकडे गेला, की लोखंडाचे दुसरेच ऑक्साइड बनू लागते आणि लेप धड राहत नाही.