शूराचा निषेध

युद्धाचा निषेध करणाऱ्यास भेकड ठरवून गप्प बसविण्याची युक्ति फार जुनी आहे. परंतु छातीवर शौर्यपदक मिरविणारा योद्धाच निषेधास उभा राहिला, तर सरकारनें काय करावें? १९१७ सालीं ब्रिटिश सरकारला हा पेंच घालणारा अधिकारी म्हणजे कवि सिगफ्रिड ससून. हें आडनांव आपणांस परकें नाहीं. पुण्याचें ससून रुग्णालय ज्यांच्या देणगीनें उभें राहिलें, त्या डेव्हिड ससून यांचा हा पणतू.

शत्रूच्या गोळीबारांत दीड तास राहून जखमी सोबत्यांना परत आणल्याबद्दल १९१६ सालीं त्यास मिलिटरी क्रॉस मिळाला. १९१७ च्या एप्रिलांत खांद्यांत गोळी लागून तो मायदेशीं आला, आणि जुलैत त्यानें वरिष्ठांस कळविलें कीं, यापुढें आपण लढणार नाहीं. संरक्षणासाठीं सुरू झालेलें युद्ध आतां आक्रमणाचें झालें आहे, व ज्यांना तें थांबवितां येईल तेच तें लांबवीत आहेत, असा त्याचा आरोप होता. आक्षेप सेनापतींच्या डावपेचांवर नव्हता. राज्यकर्त्यांच्या अप्रामाणिकपणावर होता. पदकाची फीत त्यानें मर्सी नदींत फेकून दिली. ३० जुलै रोजीं त्याचें निवेदन पार्लमेंटांत वाचलें गेलें.

लष्करी न्यायालयापुढें उभें राहण्याची त्याची तयारी होती. पण खटला म्हणजे बोभाटा! मित्र रॉबर्ट ग्रेव्ह्ज यानें, त्यास शिक्षा होऊं नये म्हणून, वैद्यकीय मंडळापुढें साक्ष दिली. आणि ससूनच्या मनास युद्धाचा धक्का बसल्याचें ठरवून त्याची रवानगी एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयांत झाली. तेथील डॉक्टर रिव्हर्स यांना त्याचें बोलणें पूर्ण शहाणपणाचें वाटलें. पण भेकड म्हणतां येईना, म्हणून सरकारनें त्यास आजारी म्हटलें.

पुढें तो आपण होऊन रणभूमीवर परतला. १९१८ च्या जुलैत आपल्याच सैनिकाची गोळी चुकून त्याच्या डोक्यास लागली. कोणी म्हणतील, मग निषेध फुकट गेला. आम्हांस तसें वाटत नाहीं. खंदकांतील सोबती मरत असतां आपण सुरक्षित राहावें, हें त्यास सोसेना. ज्यांच्यासाठीं तो बोलला, त्यांच्याचकडे तो परत गेला. शूरांस पदकें देण्यांत कोणतेंच राष्ट्र कंजूषपणा करीत नाहीं. त्यांचें म्हणणें ऐकून घेण्याची वेळ आली, म्हणजे मात्र वैद्यास बोलावणें धाडलें जातें.